आत सरकणारी ओळ

इंदुमती घोलप यांना स्वतःच्या घरातून बाहेर पडता येत नव्हतं, आणि त्याला कारण होत्या चार रिकाम्या जागा.

घराला काय हवं ते तोंडी सांगायची पद्धत बंद होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. आधी लोक घराशी बोलत. पण एका मालिकेतली सासू सुनेला "चालती हो" म्हणाली आणि निम्म्या जिल्ह्याची दारं एकदम सताड उघडली. तेव्हा सरकारने ठरवलं, घराला जे सांगायचं ते लेखी सांगायचं. लेखीवर सरकारचा पहिल्यापासूनच विश्वास. दारांच्या कड्या एकेक करून गेल्या. इंदुमतीबाईंची कडी सोसायटीची तिसरी नोटीस आल्यावर, तीन आठवड्यांपूर्वी गेली.

लिहायचं साध्या मराठीतच, पण प्रत्येक यंत्राची रीत वेगळी. औषधपेटीला सूचना कंसात लागत. ओळी कितीही वाकड्यातिकड्या असल्या तरी तिचं काही अडत नसे. चूल आणि दार यांना कंस कळत नसत. त्यांचा सगळा अर्थ समासात. 'जर'च्या ओळीखालची ओळ थोडी आत असेल, तर ती त्या अटीखाली आली. डाव्या कडेला चिकटून असेल, तर ती बिनशर्त. चुलीसाठी दोन जागा आत, दारासाठी चार. हे मोजताना माणसं रडकुंडीला येत, म्हणून लिहायच्या पाटीत 'समासक' बसवलेला असे. फाइल कोणत्या यंत्राची आहे ते ओळखून तो ओळी आपणहून आतबाहेर करी.

इंदुमतीबाईंच्या दाराच्या फाइलमध्ये तीनच ओळी होत्या. पहिली, 'जर अभिराम हो म्हणाला तर'. अभिराम हा त्यांचा नागपूरचा मुलगा. दुसरी, चार जागा आत, 'आलेल्या माणसाला दार उघड'. तिसरी त्यांनी डाव्या कडेला लिहिली होती: 'मी दारापाशी उभी राहिले की माझ्यासाठी दार उघड'.

ही तिसरी ओळ जतन केली की आत सरकायची.

त्यामुळे रोज सकाळी सहाला, पोहायची पिशवी घेऊन त्या दारापाशी उभ्या राहिल्या की घर नागपूरला विचारायचं. अभिराम झोपलेला. साडेआठला तो उठून बिचारा लगेच हो म्हणायचा. तोवर संगमावरची पोहणारी मंडळी केस वाळवून, नाश्ता करून घरी गेलेली असत. एकाहत्तराव्या वर्षी रोज कृष्णेत उतरणाऱ्या बाईने एकवीस दिवस अंघोळ बादलीने केली होती.

मदत केंद्राने त्यांना पाटी बंद करून चालू करायला सांगितलं. नंतर बराच वेळ बंद ठेवून चालू करायला सांगितलं. मग विचारलं, "आपल्याला दार उघडून नक्की कुठे जायचंय?" तेव्हा बाईंनी फोन ठेवला आणि वरच्या मजल्यावरच्या नीरद उकिडवेला बोलावलं. समासक बनवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी तो एक, आणि त्याची आई बाईंची कचेरीतली मैत्रीण. तो लगेच आला. मग अभिराम मीटिंगमधून सुटेपर्यंत वीस मिनिटं जिन्यात उभा राहिला.

"मावशी, भाषा चुकीची निवडली गेली असेल," आत आल्याआल्या तो म्हणाला. "समासक दाराला चूल समजतोय."

"समजत नाही. मी तपासलंय. दार निवडलंय, चार जागा निवडल्यात. टॅबच्या जागी स्पेस निवडलीय, तिचा अर्थ मला अजून कळलेला नाही." बाईंनी तक्रारींचं टिपण पुढे केलं. क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ. चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढलेल्या, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या बाईचं टिपण होतं ते.

नीरदने सगळं पाहिलं. सगळं बरोबर होतं. ताळा म्हणून त्याने चुलीची फाइल उघडली. ती नऊ वर्षांपूर्वीची. 'सकाळी चहा कर.' खाली, 'जर हे घरी असतील तर'. खाली, आत, 'दूध जास्त घाल'. त्याखाली, तितकीच आत, 'साखर अर्धा चमचा'.

"काका जाऊन किती वर्षं झाली, मावशी?"

"आठ. का रे?"

"आठ वर्षं तुमच्या चहात साखर नाहीये."

"मला वाटलं, हल्लीच्या साखरेलाच गोडी राहिली नाही. कारखान्याला पत्रसुद्धा लिहिलं होतं मी."

मग नीरदला उलगडलं. समास कशावरून ठरवायचा याला दोन पर्याय होते: भाषेवरून किंवा सवयीवरून. नुसत्या भाषेवरून सगळं कळत नाही. 'जर'नंतरची पहिली ओळ अटीखाली येणार हे नक्की, पण तिच्या पुढची? ती अटीतच आहे, की अट तिथे संपली? ते लिहिणाराच जाणे. म्हणून 'सवय-समास' हा त्याचाच शोध. माणसाचं आजवरचं सगळं लिखाण वाचायचं आणि त्याची इच्छा सहसा कशाच्या खाली असते ते शिकायचं. बाईंनी सुरुवातीला नमुना म्हणून आपली कचेरीतली सगळी टिपणं मोठ्या अभिमानाने पाटीत घातली होती. 'मान्यता मिळाल्यास.' 'साहेबांचे आदेश झाल्यास.' शेवटी प्रत्येक वेळी, 'आदेशार्थ सादर.'

"अकरा हजार टिपणं," नीरद म्हणाला. "एकही गोष्ट तुम्ही कुणाच्या होकाराशिवाय मागितलेली नाही. तो तुमची ओळ चुकवत नाहीये, मावशी. तो ती तुमच्यासारखी लिहितोय."

"मग काय कलेक्टरला लिहायचं होतं, मी ठरवलंय म्हणून?" बाई उखडल्या. मग जरा खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, किती लोक हे वापरतात.

"अकरा लाख. तक्रार तुमचीच पहिली."

"म्हणजे बाकीच्यांचं नीट चाललंय."

"बाकीच्यांच्या लक्षात आलेलं नाही," नीरद म्हणाला, आणि 'एकही तक्रार नाही' हे आपण आजवर यश म्हणून अहवालात लिहीत आलो, ते त्याला आठवलं.

त्याने सवय बंद केली. बाईंनी तिसरी ओळ डावीकडे ओढली आणि जतन केली. ती राहिली. त्यांनी पाटी उलटीपालटी करून पाहिली, तरी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला नीरद खाली उतरला, तर बाईंचं दार सताड उघडं. घराने नागपूरला काही विचारलेलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत इंदुमतीबाई उभ्या होत्या, पायांत चपला, हातात पिशवी.

"अजून इथेच? दार उघडत नव्हतं का?"

"नाही रे, सहालाच उघडलं." त्या वैतागून म्हणाल्या. "अगदी टोल्याला."

"मग जा ना, मावशी."

बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"हो," त्या म्हणाल्या. "तू म्हणतोस तर जाते."