एका गाडीला एक कप

महामार्गावर चांगली एस्प्रेसो मिळत नाही, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. कॉफी भाजणाऱ्या एका कंपनीत कॉफी चाखून गुण द्यायचे, ही तिची नोकरी. बारा वर्षं ती जिभेवर पोट भरत होती. रस्त्याकडेच्या दुकानात शिरताना ती पाटी वाचतच नसे. पाट्यांचं काय, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ती आधी मशीनची वाफेची नळी बघे. नळीवर दूध वाळलेलं दिसलं, की आल्या पावली परत. नळी पुसलेली असली, तर मग ग्राइंडरमधल्या बिया. त्या तेलकट आणि काळ्याकुट्ट असल्या तर तिथूनच रामराम.

ही पारख अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची. खाण तशी माती. अण्णा पस्तीस वर्षं याच रस्त्यावर कॉफीची मशीनं दुरुस्त करत हिंडले. नुसत्या आवाजावरून ते सांगत, पंप दमलाय की पाण्यातला क्षार साचलाय. घरात तिला सगळे ताईच म्हणत, अण्णासुद्धा. ती सहा वर्षांची असल्यापासून ते तिला दुरुस्तीला बरोबर न्यायचे आणि पहिल्या बऱ्या कपातला थेंब बोटानं तिच्या जिभेवर ठेवून विचारायचे, "काय लागतंय?" आई ओरडायची, की पोरीला रात्रभर झोप येणार नाही. पोर परतीच्या वाटेवरच घोरायला लागायची.

आता तेच अण्णा शेजारच्या सीटवर कोटात हरवल्यासारखे बसले होते. चार महिन्यांपूर्वी त्यांना साधा ताप आला आणि जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. सुरुवातीला सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. "बरंच झालं, आता माझ्या हातचं खाल," असं ताईचा धाकटा भाऊही म्हणाला. मग अण्णांनी जेवणच सोडलं. "कागद चावल्यासारखं होतं गं," म्हणत ताट सरकवायचे. चौदा किलो उतरले. डॉक्टरांनी ताईला बाहेर बोलावून सांगितलं, की आजार असा काही उरला नाही, पण हे असंच चाललं तर हिवाळा निघणं कठीण आहे.

म्हणून ती त्यांचं घर बंद करून त्यांना आपल्याकडे घेऊन निघाली होती. दोन दिवसांचा रस्ता. वाटेत बरी एस्प्रेसो मिळेल तिथं थांबायचं, असं तिनं ठरवलं होतं. अण्णांची जीभ कशानं जागी झाली तर त्यानंच होईल, अशी तिची वेडी आशा. सहा दुकानं झाली. सहाही ठिकाणी अण्णांनी एक घोट घेतला, कप तिच्याकडे सरकवला आणि पोरीचं मन राखायला म्हणाले, "छान आहे." सहापैकी चार कप गटारात ओतायच्या लायकीचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला पेट्रोल पंप आणि टायरचं दुकान यांच्यामध्ये एक बुटकी इमारत दिसली. पाटीवर एवढंच लिहिलेलं होतं, कॉफी.

"हे कधी झालं?" अण्णा म्हणाले. "छान आहे" सोडलं तर सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. "टायरवाल्याच्या भिंतीला लागून पंपाची भिंत होती. मध्ये हात घालायला जागा नव्हती."

"नवीन बांधलं असेल."

"असेल," अण्णा म्हणाले, पण ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवर कित्येक पावसाळ्यांचे ओघळ होते.

ताईनं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली. असा वास तिनं नोकरीतसुद्धा क्वचित घेतला होता. लिंबाची साल, भाजलेले बदाम, त्यामागं लाकडाचा धूर, आणि तळाशी जेमतेम करपलेली साखर. वाफेची नळी लखलखीत होती. बियांचा रंग जसा हवा तसा होता.

आत पाच टेबलं. चारांवर माणसं होती, प्रत्येकावर दोघं दोघं, आणि कप मात्र एकेकच. कुणी बोलत नव्हतं. एक जण पीत होता आणि दुसरा त्याच्याकडे बघत होता, आजारातून उठलेलं मूल जेवताना घरातली माणसं बघतात तसा.

"दोन एस्प्रेसो," ताई म्हणाली.

"एका गाडीला एकच," काउंटरवरची बाई म्हणाली. पन्नाशीची, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. आवाजात उर्मटपणा नव्हता आणि दिलगिरीही नव्हती.

"बिया संपल्यात का?"

"नाही."

ताईला हसू आलं. अशी तऱ्हेवाईक माणसंच कॉफी चांगली करतात, हा तिचा अनुभव. "बरं, एक तर एक."

"कोण घेणार?"

"म्हणजे?"

"गाडी चालवत आणली त्यानं सांगायचं. कोण घेणार?"

ताईला ती कॉफी हवी होती. खोटं कशाला बोला, त्या वासानं तिचा जीव कासावीस झाला होता. अण्णांना सातवा कप देऊन पुन्हा ते "छान आहे" ऐकायचं, त्यापेक्षा आपणच प्यावा, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं टेबलाशी बसलेल्या अण्णांकडे पाहिलं. त्यांचं मनगट घड्याळाच्या पट्ट्यात सैल फिरत होतं.

"त्यांना द्या," ती म्हणाली.

बाईनं मान डोलावली. मशीन तापावं म्हणून तिनं पहिला कप काढून मोरीत ओतून दिला, हँडल पुसलं, दुसरा लावला. कुठं घाई नाही. अण्णांनी मान तिरकी करून मशीनचा आवाज ऐकला आणि पुटपुटले, "हाताळणारं माणूस जाणतं आहे."

शेजारच्या टेबलावर ड्रायव्हरच्या गणवेशातला एक माणूस होता आणि समोर त्याची म्हातारी आई. ती कपाचा तळ चमच्यानं खरवडत होती. ताई बसताच तो माणूस तिच्याकडे झुकला.

"त्यांच्या कपातला घोट घेऊ नका."

"का?"

"मग धड कुणालाच पुरत नाही."

पुढं काही विचारावं, तर त्यानं तोंड फिरवलं होतं. त्यानं मीठदाणीतून तळहातावर भरपूर मीठ ओतून घेतलं, सगळं चाटलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता खिडकीबाहेर बघत बसला. मग आईचा हात हातात घेऊन थोपटू लागला.

बाईनं अण्णांसमोर कप ठेवला. वर सोनेरी साय होती. अण्णांनी सवयीनं घोट घेतला, आणि या वेळी कप सरकवला नाही.

ते थांबले. पुन्हा एक घोट घेतला. डोळे मिटले.

"ताई," ते म्हणाले, "लिंबाची साल आहे गं यात."

ताईचे डोळे भरून आले. ती हसली, तिनं खोल श्वास घेतला, आणि हवेत लिंबाची साल नव्हती.

बाकीचं सगळं होतं. बदाम, धूर, करपलेली साखर. मधलं एक काढून घेतल्यासारखं गेलं होतं.

"भाजलेले बदाम," अण्णा म्हणाले.

बदाम गेले.

तिनं काउंटरकडे पाहिलं. बाई हातातलं फडकं थांबवून तिच्याकडेच बघत होती. शेजारचा ड्रायव्हरही बघत होता. कुणी तिला अडवत नव्हतं, कुणी ढकलतही नव्हतं.

कप अजून अर्धा होता. हात पुढं केला असता तर पोचला असता.

अण्णांच्या गालावर चार महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता.

"अजून?" ताईनं विचारलं. "अजून काय लागतंय, अण्णा?"

"धूर. लाकडाचा."

"हं."

"आणि तळाशी साखर. करपायच्या बेतात आलेली. बघ, मी सांगायचो ना तुला?"

"हो," ताई म्हणाली. "सांगायचात."

दुकानात आता कसलाच वास नव्हता. अण्णांनी पाव मागितला, लोणी मागितलं. दोन पाव खाल्ले आणि तिसऱ्याकडे असं पाहिलं, की बाईनं तो न विचारताच आणून दिला.

घरी आल्यावर ताईनं डॉक्टरांशिवाय कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी तिचं नाक तपासलं, घसा तपासला, सगळं ठणठणीत. कामावर टेबलावर कॉफीच्या बारा वाट्या मांडलेल्या असायच्या. सहकाऱ्यांचे चेहरे आणि त्यांच्या भुवया बघून ती गुण लिहायची. तीन आठवडे निभावलं. साहेब एकदा म्हणाले, की हल्ली तुमचे गुण फारच मवाळ झालेत. रात्री ती जेवायला बसे, चावे, गिळे. अण्णांचे शब्द किती नेमके होते, ते तिला कळत होतं. कागदच.

अण्णा मात्र सुधारत होते. सहा किलो भरले. स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं होतं, आणि सूप ढवळताना तारस्वरात, बेसूर गात. ते गाणं ऐकलं की ताईला वाटे, झालं ते सोन्यासारखं झालं. खरंच वाटे.

एका संध्याकाळी त्यांनी तिच्यापुढं सूपची वाटी ठेवली. तिनं चार चमचे घेतले.

"कसं झालंय?"

"छान."

अण्णांनी तिच्या वाटीतला एक चमचा घेतला, आणि ते उठून मोरीत थुंकून आले. त्यांनी वाटीत मूठभर मीठ घातलं होतं. ते तिच्याकडे बघत समोर बसले. तिनं वर पाहिलं नाही.

सकाळी ती कामावर निघाली तेव्हा अण्णा तिच्या गाडीत, चालकाच्या जागेवर बसले होते. आजारपणानंतर त्यांनी गाडीला हात लावला नव्हता.

"बस," ते म्हणाले.

"उतरा, अण्णा."

"त्या दिवशी मी कपातच बघत राहिलो. तुझं तोंड बघायला हवं होतं."

"पुन्हा जेवण सोडाल तुम्ही."

"माझं काय घेऊन बसलीस? पिकलं पान मी. तुझं सगळं आयुष्य त्या जिभेवर आहे." "बापाला कळत नाही का गं? चालवणाऱ्यानं सांगायचं असतं ना तिथं? बस."

नाही म्हणायचं, हे ताईचं पक्कं ठरलेलं होतं. आत बसायचं ते फक्त किल्ली काढून घ्यायला. काय वाटेल ते झालं तरी हा माणूस पुन्हा ताट सरकवताना बघायचा नाही. तिनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. ती बसली. तिनं दार ओढून घेतलं.

अण्णांनी गाडी सुरू केली. किल्ली तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. रस्ता मोकळा होता आणि अण्णा जपून, दोन्ही हातांनी गाडी चालवत होते.

ताई खिडकीबाहेर बघत होती. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.