पूर्वेचे तारे कोणी पुसले?

"मी झोपले नव्हते! एक क्षणसुद्धा नाही!"

शाळेच्या गच्चीवर पांघरुणात गुरफटलेली सगळी डोकी ठिणगीकडे वळली. हिवाळी सुट्टी नुकतीच लागली होती. कान गारठले होते, बोटं आखडली होती आणि आकाशनिरीक्षण मंडळाचा उल्का मोजण्याचा यंदाचा पहिला कार्यक्रम आत्ताच संपला होता.

मंडळाची पद्धत साधी होती. चौघांनी चटईवर उताणं पडायचं, डोकी जवळजवळ, पाय चार दिशांना. ज्याने त्याने फक्त आपलंच आकाश बघायचं. उल्का पडली की दिशा सांगून ओरडायचं. मंडळाचे प्रमुख दुर्बीणकाका बाजूला बसून, लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात नोंद करायचे. उत्तरेला होता ठिणगीच्या वर्गातला रेडिओ. त्याचं तोंड कधीच बंद होत नसे, म्हणून हे नाव. दक्षिणेला तिचा चुलतभाऊ गोगलगाय. तो सावकाश चाले, सावकाश बोले, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. पश्चिमेला शाळेशेजारच्या विटांच्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब. आणि पूर्वेला ठिणगी.

पूर्वेला सगळ्यात जास्त उल्का दिसायला हव्या होत्या. उल्कावर्षावाची मिथुन रास तिकडूनच उगवत होती. आणि ठिणगीला दिसल्या होत्या फक्त तीन!

"झोप लागली असेल, त्यात काय एवढं!" मॅनेजरसाहेब हसले. "लहान आहेस. आम्हीसुद्धा लहानपणी पेंगायचो."

"मी पेंगत नव्हते! माझे तारेच कमी झाले होते. काका, मी त्रिकोण मोजला होता."

रोहिणी, ब्रह्महृदय आणि अग्नी हे तीन ठळक तारे जोडले की एक मोठा त्रिकोण होतो. त्याच्या आत किती बारीक तारे दिसतात, ते दर पाव तासाने मोजायचं. आकाश किती स्वच्छ आहे ते त्यावरून कळतं. हा नियम दुर्बीणकाकांनीच मुलांना शिकवला होता.

"आधी दहा होते," ठिणगी म्हणाली, "मग सहा, मग चार. त्रिकोण वर चढतोय, ढग नाही, चंद्र नाही. मग तारे वाढायचे सोडून कमी कसे होतील?"

"डोळे मिटले की होतात!" मॅनेजरसाहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

दुर्बीणकाकांनी चष्मा पुसला. "हे बघ बाळ, आपली संख्या देशोदेशीच्या निरीक्षकांच्या आकड्यांत मिळवली जाते. शंका असलेला आकडा मी पाठवणार नाही. तुझी आजची संख्या रद्द. आणि उद्या मुख्य रात्र आहे, तेव्हा..."

"पूर्व मी सांभाळतो," मॅनेजरसाहेब म्हणाले. "मोजायचं कसं ते पोरांना एकदा दाखवतोच!"

ठिणगीने चटई गुंडाळली. ती रडली नाही. तिला रडू यायच्या आधी राग यायचा, आणि राग आला की तिचं डोकं फार छान चालायचं.

"रेडिओ, गोगलगाय," जिना उतरताना ती म्हणाली, "माझे तारे कोणीतरी पुसलेत. उद्या रात्रीच्या आत मला तो माणूस हवाय!"

*

सकाळी ती दोघांना घेऊन आत्याकडे गेली. आत्याच्या गच्चीवरून शाळेच्या पूर्वेकडचं सगळं दिसायचं. आत्याचा चादरी धुण्याचा धंदा होता. हॉटेलांच्या चादरी ती संध्याकाळी गच्चीवरच्या दोऱ्यांवर टाकायची आणि सकाळी इस्त्रीला घ्यायची. आज मात्र ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बघा! परत धुवा! रोज रात्री हे काळे ठिपके. साबण बदलला, पाणी बदललं. आता मीच बदलते, म्हणजे झालं!"

गोगलगायीने एक ठिपका बोटाने चोळला. बोटावर काळा, चिकट पट्टा उमटला. त्याने वास घेतला आणि नाक मुरडलं.

"रबर," तो म्हणाला.

"एक अख्खा शब्द बोललास की रे!" रेडिओ म्हणाला. "दमला असशील. बस जरा."

"गप रे!" ठिणगीने गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं. रस्त्यापलीकडे कारखान्याची भिंत होती आणि भिंतीआड उंच चिमणी. चिमणीतून विटकरी, पातळ धूर निघत होता. "ही चिमणी शाळेच्या पूर्वेलाच आहे. पण भट्टी तर संध्याकाळी बंद होते ना?"

"मॅनेजरसाहेब तसंच सांगतात," आत्या म्हणाली. "संध्याकाळ झाली की ते घरी जातात."

"म्हणजे नंतर काय चालतं ते त्यांना माहीतच नाही!"

तिघं पळतच कारखान्याच्या मागच्या बोळात गेले. मागच्या फाटकाशी राखेचा ढीग होता. रेडिओ बडबडत फाटकाच्या फटीतून डोकावू लागला. गोगलगाय खाली बसला आणि काडीने राख उकरू लागला. राखेतून तारेचं एक मोठं, गंजकं कडं वर आलं. मग दुसरं. मग तिसरं.

"टायरच्या आत अशी तार असते," तो म्हणाला. "रबर जळतं. तार उरते."

"आणि आत ताडपत्रीखाली टायरांचा डोंगर लपवलाय!" रेडिओ फटीतून ओरडला.

फाटक धाडकन उघडलं. रात्री कारखान्याची राखण करणारा मुकादम समोर उभा! "ए! इथे काय सिनेमा चाललाय? निघा बघू! पुन्हा दिसलात तर तंगड्या मोडून ठेवीन!"

"तुम्ही टायर जाळता!" ठिणगी जागची हलली नाही.

"मी? धूर दिसला का कधी रात्री? दिसला असेल तर दाखव!"

फाटक बंद झालं. ठिणगी मात्र हसत होती.

"तुला हसू कसलं येतंय?" रेडिओने विचारलं. "राख कुणाचीही असेल, असं म्हणतील. आपलं कोण ऐकणार?"

"आपलं ऐकायला नकोच. तो म्हणतो, धूर दाखव. अंधारात काळा धूर दिसत नाही, बरोबर. पण धुरामागचे तारे दिसेनासे होतात की! आणि आज माझ्या जागेवर कोण झोपणार आहे?"

गोगलगायीचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मॅनेजरसाहेब!"

*

संध्याकाळी ठिणगी गच्चीवर हजर झालेली पाहून दुर्बीणकाका दचकले.

"तुला घरी थांबायला..."

"मी मोजायला नाही आले. नोंदी मी घेते. तुम्ही पश्चिमेला पडून आकाश बघा ना! नाहीतरी दर वर्षी तुमची मान खालीच असते."

दुर्बीणकाका विरघळले. दर वर्षी त्यांच्या डोक्यावरून शेकडो उल्का जात, आणि ते कागदावर रेघा मारत बसत.

"पण एक अट," ठिणगी म्हणाली. "पूर्वेला पडेल त्याने त्रिकोण मोजायचा. मोठ्यांनीसुद्धा. नियम म्हणजे नियम."

"मोजू की! आम्हाला काय जड आहे!" मॅनेजरसाहेब पूर्वेकडे पाय करून ऐसपैस पडले. "बारा तारे. लिही!"

उल्का सुरू झाल्या. "उत्तर!" "पश्चिम! अहाहा!" "दक्षिण." मॅनेजरसाहेबही जोरात होते. पाव तास झाला. ठिणगीने त्रिकोण विचारला.

"नऊ."

पुढच्या वेळी ते जरा थांबून म्हणाले, "सहा... थांब, सहाच."

पूर्वेची हाक बंदच झाली. उत्तरेला, पश्चिमेला, दक्षिणेला आरडाओरडा, पूर्वेला चिडीचूप!

"त्रिकोण?" ठिणगीने विचारलं.

"चा... चार."

"साहेब," रेडिओ गोड आवाजात म्हणाला, "झोप लागली का हो?"

"झोप कसली! टक्क जागा आहे मी! डोळे फाडून बघतोय, पण तारेच..."

मॅनेजरसाहेबांचं वाक्य तिथेच अडकलं. दुर्बीणकाका उठून बसले.

"काका," ठिणगी म्हणाली, "एकदाच पांढरा उजेड करू? डोळे दिपतील, पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागेल. पण करू द्या."

दुर्बीणकाकांनी मान हलवली. गोगलगायीने आणलेला मोठा टॉर्च चिमणीच्या दिशेने लागला. उजेडाचा झोत भिंतीवरून वर गेला आणि मध्येच अडला. चिमणीच्या तोंडातून काळाकुट्ट धूर लोटच्या लोट उसळत होता, आणि वळून थेट शाळेच्या पूर्वेकडच्या आकाशावर पसरत होता!

"माझी चिमणी?" मॅनेजरसाहेब पुटपुटले. "पण भट्टी तर बंद..."

"बंद झालेली तुम्ही कधी पाहिलीत?" ठिणगीने विचारलं. "का नुसतं म्हणता?"

मॅनेजरसाहेब ताडकन उठले. ते जिना उतरून, रस्ता ओलांडून, तरातरा कारखान्यात शिरले. मागोमाग तिघं. मुकादम भट्टीच्या तोंडाशी उभा होता, हातात अर्धा टायर.

"साहेब! तुम्ही? या वेळी?" त्याच्या हातातून टायर गळून पडला. "टायर फुकट मिळतात, कोळसा वाचतो... आणि अंधारात कुणाला दिसतंय?"

"हिला दिसलं!" मॅनेजरसाहेब गरजले. "विझव आधी! बाकीचं उद्या मालकांसमोर बोल. आणि तिथे मलाही बोलावं लागणार आहे, सहा वाजता घरी का पळतो म्हणून."

गच्चीवर परतल्यावर त्यांनी चटई झटकली आणि पूर्वेची जागा ठिणगीपुढे सरकवली. "माझं चुकलं. तुझ्या डोळ्यांवर मी उगाच शंका घेतली."

"नुसतं चुकलं म्हणून भागणार नाही," ठिणगी म्हणाली. "कालची माझी संख्या धरायची. त्रिकोणासकट. पूर्वेला धूर होता असं स्पष्ट लिहून."

"धरतो," दुर्बीणकाका म्हणाले. "काल तूच तेवढी नियमाने वागलीस. मी तर माझाच नियम विसरलो. मंडळाला तुझ्यासारखी..."

"काका, नंतर! आधी तो मोठा टॉर्च विझवा. डोळे सरावू देत."

ठिणगी उताणी पडली. धूर विरत होता. त्रिकोणात एकेक तारा उगवल्यासारखा दिसू लागला. पाच... सात... दहा. शेजारी रेडिओची बडबड चालू होती, मुकादमाचा चेहरा कसा झाला होता ते तो दुसऱ्यांदा सांगत होता. दुर्बीणकाकांना अजून बोलायचंच होतं.

"पण खरंच, पोरी, तुझी जिद्द..."

मिथुन राशीकडून एक लखलखीत, हिरवट रेघ निघाली आणि अर्धं आकाश कापत गेली.

"पूर्व!" ठिणगी ओरडली. "काका, लिहा ना पटकन!"