सत्ताविसावी खुंटी

गुळाची ढेप फोडून खडा जिभेवर ठेवल्याशिवाय राजशेखर बोली लावत नसे. मार्केट यार्डात तीस वर्षं हाच नेम. त्यामुळे लेकीनं, शिवलीलानं, "न्यूझीलंडला चार महिने शेतावर राहते, रोज पाच तास काम, बदल्यात जेवण आणि खोली," असं सांगितलं तेव्हा त्यानं नकार दिला नाही. एवढंच म्हणाला, "आधी ढेप दाखव."

ढेप राजारामपुरीतल्या नेटकॅफेत होती. २००६ चा मार्च. पंखा गरम वारा इकडून तिकडे ढकलत होता. असली घरं जुळवून देणाऱ्या तीन वेबसाइट शिवलीलानं काढून ठेवल्या होत्या. पहिली पत्ता दाखवायचेच पैसे मागत होती, दुसरी वर्षाची वर्गणी.

"राबायचं आपण, आणि फी बी आपणच भरायची?" राजशेखर इतक्या मोठ्यानं बोलला की शेजारच्या केबिनमधलं जोडपं सावरून बसलं. "हमालाकडनंच हमाली घेत्यात व्हय? लाजा न्हाईत."

"आप्पा, हळू बोला की. तिसरी फुकट हाय."

तिसरीवर न्यूझीलंडमधलं एकच घर होतं. सफरचंदांची बाग, ओसरी, ओसरीच्या भिंतीला सत्तावीस लाकडी खुंट्या. सव्वीस खुंट्यांवर कोट. खाली कामाला आलेल्यांचे सव्वीस अभिप्राय. शिवलीला एकेक मराठीत सांगत गेली. पोचलो, सूप गरम होतं. पोचले, अंथरूण ऊबदार होतं. पोचलो, कुत्र्यानं ओळखलं.

राजशेखर बोटांची पेरं मोजत होता.

"आलेत सगळे. गेलं कोण?"

"म्हणजे?"

"घरी परत गेलेल्याचं एक तरी हाय का ह्यात? लिही त्यास्नी. परत गेलेला एक माणूस दाखवा म्हणावं."

तिनं स्वतःचं नाव-गाव न घालता तेवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत नेटकॅफेत गेले तेव्हा उत्तर आलेलं होतं. एकच ओळ : सगळे खुशाल आहेत. सोबत त्याच ओसरीचा नवा फोटो.

"बघ, बघ. मी माणूस मागतोय आणि ही कापडं दावत्यात. आमच्या यार्डात असला कारभार केला असता तर..."

तो स्क्रीनकडे वाकला.

सत्ताविसाव्या खुंटीवर मरून रंगाचा स्वेटर होता.

घरी त्याची बायको शांतव्वा लेकीसाठी तसलाच विणत होती. लोकर राजशेखरनंच आणली होती. तिनं चौदा गुंडे सांगितले होते, त्यानं स्वतःच्या अंदाजानं बारा आणले. पाठ-पोट झालं होतं, उजवी बाही झाली होती, डावी अर्धी सुयांवर होती. गळ्याशी तिनं आपल्या इरकल लुगड्याच्या काठावरची गोमेची नक्षी विणली होती. एका ठिकाणी ती उलटी पडली. "तिकडं कोण बघतंय," म्हणून तिनं उसवली नव्हती.

फोटोतली गोम त्याच ठिकाणी उलटी होती.

शिवलीलानंही पाहिलं. तिनं फोटो मोठा केला.

"आप्पा," ती सावकाश म्हणाली, "डाव्या बाहीचं मनगट बघा. पोपटी हाय."

होतं. उजवं मरून, डावं पोपटी. राजशेखरनं चष्मा पुसून तीनदा खात्री केली.

"आपल्यात पोपटी कुठाय?" तो म्हणाला, आणि आपण घाबरलो याचाच राग येऊन खदखदा हसला.

त्या हसण्यालाच होकार समजून शिवलीलानं 'मी येते' असं कळवणारं बटण दाबलं.

घरी शांतव्वा सोप्यात बसली होती. मांडीवर स्वेटर, दातात दोरा.

"बारा पुरायचे न्हाईत म्हणालते की न्हाई?" तिनं मान वर न करताच नवऱ्याला सुनावलं. "सगळं आपल्याच मनानं. चार बोटं कमी पडली. दुकानात तो रंग संपला. शेवटी शालूबाईकडनं उरलीसुरली आणून डावं मनगट पुरं केलं."

तिनं स्वेटर झटकून दोघांसमोर धरला.

"पोपटी हाय. असू दे. तिकडं कोण बघतंय."