कापसाच्या खोलीत

माझी मैत्रीण सुरभी हिच्या साखरपुड्याला मी राळेगावला गेले होते. फोन चार्जिंगला लावायला म्हणून मागच्या खोलीत शिरले, तर आढ्यापर्यंत कापूस... आणि ढिगावर आरामात पहुडलेला तिचा आतेभाऊ, कपिल.

त्याने एक डोळा उघडला. "इथं जागा नाई. पण तुमच्यासाठी सरकतो ना मी."

मी हसले नाही. त्याच्या उशाशी, कापसातच, त्याचा फोन चार्जिंगला होता. फोनची पाठ फुगलेली. गोडसर, औषधासारखा वास येत होता.

"उठा."

"काहून?"

"फोन पेटणार आहे."

इलेक्ट्रॉनिक चिपमधल्या अतिसूक्ष्म थरांतून उष्णता कशी वाहते, यावर माझी पीएच.डी. चालू आहे. अडकलेली उष्णता काय करते, ते मी रोज बघते. पण प्रयोगशाळेत कापूस नसतो. बाहेर मांडवात माणसं जेवत होती.

माझा चेहरा बघून त्याने वायर उपटली, फोन मुठीत धरला आणि धावत सुटला. परसात त्याने तो फेकला, तेव्हा फोन हवेतच पेटला.

त्याचा भाजलेला तळवा मी नळाखाली धरला.

"भाजलं मले," तो म्हणाला, "अन् रडून राह्यल्या तुमी."

मग त्याचे फोन येऊ लागले. आधी मलम विचारायला, नंतर... नुसतेच. "तुमचं ते उष्णतेचं सांगा ना," म्हणायचा, आणि खरंच ऐकायचा. मला त्याचीच भीती वाटू लागली. आमचं यवतमाळचं नोकरदार घर, त्याची शेती. त्यात मला प्रयोगांसाठी दोन वर्षं बंगळुरूला जायचं होतं. बोलले आणि तुटलं तर? निघायच्या दिवसापर्यंत मी गप्पच राहिले.

स्टँडवर तो आला. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला.

"एवढे का घाबरलात?"

"तुमच्या बाबाकडून येऊन राह्यलो."

"काय... म्हणाले?"

"चहा पाजला." तो खाली बघत होता. "मंग म्हणे, मला कशाला विचारतोस? तिला विचार."

"मग विचारा की."

त्याने विचारलं — इतक्या हळू, की कंडक्टरच्या घंटीत ते बुडून गेलं. मी पुन्हा विचारायला लावलं. आणि गाडी हलली तेव्हा दारात उभी राहून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, 'हो' म्हणाले.