टेकडीपलीकडचा हातोडा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, सांगता येत नाही. पण पुढे लिहिते आहे त्यातलं अक्षरन् अक्षर घडलेलं आहे. आणि तेही रात्री नाही... दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात.

मी आणि माझा नवरा एकाच ऑफिसात. जमिनीखालचे नकाशे करणं हे आमचं काम. कुठे कोणता खडक, कुठे भेग, कुठे पाणी मुरतं. त्यावरून विहीर कुठे खणायची आणि कचराडेपो कुठे करायचा, ते ठरतं.

त्याची पहिली बायकोही हेच काम करायची. लग्नानंतर तीन वर्षांत तापाने गेली.

मी तिला कधी पाहिलं नाही. तिचा नकाशा मात्र रोज पाहायचे. हाताने रंगवलेला, ऑफिसच्या भिंतीवर. नवरा त्याच्यासमोर उभा राहिला की हाक मारलेली त्याला ऐकू जायची नाही.

माझ्या एकाही नकाशासमोर तो असा थांबला नव्हता.

मागच्या मार्चमध्ये टेकडीपलीकडे कचराडेपो करायचं ठरत होतं. तिच्या नकाशात बरोबर तिथूनच खडकातली मोठी भेग जात होती. म्हणजे सगळी घाण सरळ खालच्या पाण्यात.

"भेग टेकडीच्या अलीकडे आहे," मी म्हणाले. "तिचं चुकलंय."

"तिचं चुकायचं नाही," तो म्हणाला. एवढंच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या नकाशात मी ती रेघ दोनशे मीटर अलीकडे सरकवली. खरं सांगते, पुरावा अर्धाच होता. बाकीची अर्धी नुसती जळफळ.

सही करायच्या आधी तो म्हणाला, "एकदा जागेवर जाऊन बघू."

शुक्रवार होता. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. मी हातोड्याने एक खडक फोडला आणि थांबले.

टक. टक...

पलीकडून.

"प्रतिध्वनी," मी म्हणाले, आणि हातोडा खाली ठेवला.

वारा पडला. किड्यांची किरकिर थांबली.

टक. टक... टक.

नवऱ्याचा चेहरा बदलला. घाबरला नाही तो... उजळला! लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"दोन घाव, मग थांबून तिसरा," तो पुटपुटला. "अशीच फोडायची ती."

आणि धावत सुटला. "चिमणे! ए चिमणे!"

मला तो नुसतं 'अगं' म्हणतो.

मी मागोमाग पळाले. भीती नंतर वाटली. तेव्हा फक्त आग होत होती.

पलीकडे कोणी नव्हतं.

मऊ मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

पण खडक... नुकताच फुटलेला. आतला दगड चुरा झालेला, ओलसर. मी बोट लावलं. पाणी झिरपत होतं.

भेग तिथेच होती. तिच्या रेघेवर.

"बघितलंस?" नवरा हसून म्हणाला.

माझ्याकडे बघत नव्हता तो. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

मागे वळायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी मी रेघ मुकाट्याने परत जागेवर नेली. डेपो दुसरीकडे गेला. त्या भेगेवर बोअर मारलं, पाणी लागलं. आता तिथल्या वस्तीला नळ आहेत. लोक भेटले की माझे आभार मानतात. मी मान हलवते.

तेव्हापासून नवरा दर शनिवारी टेकडीवर जातो. एकटाच. "नमुने गोळा करायचे राहिलेत," म्हणतो.

मागच्या शनिवारी तो परतल्यावर मी त्याची पिशवी रिकामी केली. चहाचे दोन कप निघाले. दोन्ही वापरलेले. एकाच्या तळाशी साखर साचलेली...

आम्ही दोघंही साखर घेत नाही.

"कोण होतं बरोबर?"

"कोण असणार?" म्हणाला, आणि शीळ घालत आंघोळीला गेला.

तो कप मी तीनदा घासला.

उद्या पुन्हा शनिवार. मघाशी मी म्हणाले, "मीही येते."

"नको, तिला..." तो बोलता बोलता अडला.

मग म्हणाला, "नको. तुला ऊन लागेल."