एकशे सातची लाइन

दारावर टकटक झाली तेव्हा मी टेबलाखाली होते आणि माझ्या तोंडात एक वायर होती. नेट अचानक गेलं होतं, ते का गेलं हे शोधायला मी तिथे शिरले होते. "कोण?" म्हणेपर्यंत दार उघडलंसुद्धा. आधी रेक्टरबाईंच्या चपला दिसल्या, आणि त्यांच्यामागे कोणाचे तरी चिखलाने बरबटलेले बूट.

"या खोलीत काय लावलंय?" बुटांच्या मालकाने विचारलं.

मी घाईने बाहेर आले आणि टेबलाच्या कडेला डोकं आपटून टेंगूळ आणलं. समोर तो उभा होता. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाचा, होस्टेलची नेटवर्क-रूम सांभाळणारा. मागच्या खिशात कायम पक्कड, म्हणून सगळं कॉलेज त्याला पक्कडच म्हणायचं. पावसातून आला होता. केसांतलं पाणी माझ्या कोऱ्या कागदांवर टपटपत होतं आणि त्याला त्याचं काहीही नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलावरच्या माझ्या नेटच्या डब्याकडे बघितलं, त्याच्या सगळ्या वायरी एका मुठीत धरल्या आणि गवत उपटावं तशा उपटल्या. लगेच वरच्या मजल्यावरून मुलींचा आरडाओरडा आला— नेट आलं होतं.

"तुमच्या डब्यामुळे अख्खी इमारत बंद पडली होती," तो म्हणाला. "या खोलीची, एकशे सातची, लाइन आठ दिवस बंद."

त्या डब्याची परवानगी मी रेक्टरबाईंकडून रीतसर घेतली होती. कारण शुक्रवारी माझी मुलाखत होती. दूरच्या एका शहरात मुलांच्या पुस्तकांना चित्रं काढणारी मंडळी होती, ती वर्षभर शिकायला एकीलाच घेणार होती. लॅपटॉपवर माझा चेहरा हवा, फोनच्या कॅमेऱ्यात चित्र काढणारा हात हवा, आणि टॅबवर ते चित्र त्यांना उमटताना दिसायला हवं. तीन यंत्रं, आणि भिंतीत माझ्या वाट्याला नेटचं भोक एक. आमच्या खोलीत मोबाइलची रेंज खिडकीच्या गजाला नाक लावलं तरच यायची. म्हणून तो डबा, एका भोकातलं नेट तिन्ही यंत्रांना वाटून देणारा. ही जागा हुकली तर सुट्टीनंतर काकांच्या फरशांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरून चुकलं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. शांतपणे सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि नियम नियम असतो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मग मी रोज नेटवर्क-रूममध्ये जाऊन भांडायला लागले. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि दिवे मिचकावणारी कपाटं. खुर्चीवर तो. मी उभी राहून बोलायचे, तो बसून वायरी सोलायचा. एकदा म्हणाला की मी आल्यावर कपाटांचा पंखा लावावा लागतो, खोली तापते. मी म्हटलं, विनोद जमत नसेल तर करू नये. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसला तर बरा दिसतो, हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्याचा आणखीच राग आला.

शुक्रवारी सकाळी मी डबाच काखोटीला मारून नेला आणि त्याच्या टेबलावर आदळला.

"लाव. इथेच लाव. पाड तुझी इमारत."

चार दिवसांचं 'तुम्ही' त्या एका वाक्यात गळून पडलं. त्याने मान वर करून बघितलं… जरा जास्तच वेळ. मग डबा लावला. काही झालं नाही. त्याने वायरी बदलून बघितल्या. दिवे शहाण्यासारखे लुकलुकत राहिले.

"डबा चांगला आहे," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"डबा चांगला आहे, बाई."

वायर कुठून कुठे जाते हे न बघताच उपटणाऱ्याला मी काय काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्याचे कान लाल झाले. पण उठला, पक्कड खिशात खोचली आणि म्हणाला, चल, मला बघू दे.

तपासण्यापुरती त्याने खोलीची लाइन चालू केली. रेक्टरबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. त्याने माझ्याकडून एकेक वायर पूर्वीसारखी लावून घेतली. टॅब चार्जिंगला होता, म्हणून त्याची नेटची वायर डब्यातून तशीच खाली लोंबत होती. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात माझी रूममेट अंघोळ करून आली. तिला आम्ही टापटीप म्हणतो. लोंबतं काही दिसलं की तिचे हात शिवशिवतात. आमच्याशी बोलत बोलतच तिने ती वायर उचलली, स्वतःच्या पलंगामागे नेली आणि भिंतीतल्या तिच्या वाट्याच्या रिकाम्या भोकात खटकन बसवून टाकली.

पक्कडचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. वरच्या मजल्यावर बोंबाबोंब सुरू झाली.

"वायर लोंबत होती," टापटीप म्हणाली. "त्या दिवशीही लोंबत होती."

डबा एका भोकातून जोडलेला, आणि तिने तो दुसऱ्याही भोकातून त्याच जाळ्याला जोडला होता. मग माहिती इमारतभर गोल गोल फिरत राहते आणि सगळ्यांचंच नेट बसतं, असं पक्कडने तिला समजावलं. मला त्याने काही समजावलं नाही. माझ्याकडे बघायचीही त्याची हिंमत होत नव्हती.

मुलाखत तीन वाजता होती. आणि बंद केलेली लाइन तपासणीपलीकडे चालू ठेवायची तर वरच्या सरांची सही लागते, सर सोमवारपर्यंत रजेवर. हे ऐकलं आणि मी जिन्यावर बसून रडले. रागानेच रडले, पण रडले. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"माझं टेबल घे," तो म्हणाला. "इमारतीतलं सगळ्यात पक्कं नेट तिथेच आहे. तिन्ही यंत्रं मी लावून देतो."

त्याने टेबल पुसलं. फोनचा कॅमेरा माझ्या हातावर नीट रोखलेला राहावा म्हणून फोन कपाटाच्या दाराला तारेने बांधला. बांधताना त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली, तो चटका बसल्यासारखा मागे सरला आणि "सॉरी" म्हणून बाहेर गेला. दार ओढून घेतलं. पुढचा तासभर तो बाहेर उभा होता. आत मी एक रागावलेलं अस्वल काढलं. स्क्रीनमधली माणसं हसली.

दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. माझी निवड झाली होती. घरी फोन करायच्या आधी मी नेटवर्क-रूमकडे धावले, धापा टाकत सांगितलं. तो "अभिनंदन" म्हणाला आणि वायर सोलायला लागला.

"एवढंच?"

"आणखी काय हवं?"

"मी वर्षभर जाणार आहे. वर्षभर. आणि तू वायरी सोलतोयस."

"मग काय करू?" त्याने पक्कड टेबलावर आपटली. त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "थांब म्हणू? तुला वाटतं त्या दिवशी मी तुझी राखण करत बाहेर उभा होतो? आत थांबलो असतो तर माझ्या हाताशी नेटचं बटण असतं. एकदा दाबलं की मुलाखत संपली… आणि तू इथेच. मला माझाच भरवसा नव्हता. म्हणून बाहेर उभा राहिलो."

मला संताप यायला हवा होता. आलाही. पण माझ्यावरच— इतके दिवस ज्याला भांडण समजत होते, त्याच्यासाठी रोज केस विंचरून येत होते मी.

"हे आधी सांगता येत नव्हतं?" मी म्हटलं.

"कधी? तू बोलू देतेस कुठे?"

मी बोलू दिलं. त्याने टेबलाच्या पलीकडून हात पुढे केला, तारांचे ओरखडे असलेला, आणि मी तो दोन्ही हातांनी धरला.

"जा तू," तो म्हणाला. "पण माझ्यावर रागावायचं सोडू नकोस. मला करमणार नाही."

"नेट चालू ठेव," मी म्हटलं. "तिथून रोज रागावेन."