कापलं की फुटलं?

तसबिरींच्या कारखान्याचा मालक बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आला, तेव्हा त्याच्या टाळूवर सरळ, लांब जखम होती. पाठोपाठ फौजदार आले. सोबत कारखान्याची कचेरी सांभाळणारा मालकाचा मेहुणा, बोटाला रुमाल गुंडाळलेला. आणि बेड्या घातलेला काच कापणारा कारागीर.

"याने काचेने वार केलाय," फौजदार म्हणाले. "रक्ताने माखलेला तुकडा मिळालाय, मेहुण्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मॅडम, तुम्ही फक्त 'इन्साइज्ड', धारेने कापलेली जखम, असं लिहा."

तरुण डॉक्टरीण दिवा ओढून जखमेवर वाकली. रक्त थांबलं होतं. चिमट्याने तिने काठ अलगद दूर केले.

"मी लॅसरेशन लिहिणार. फुटलेली जखम."

"दोन्ही जखमाच ना? एका शब्दासाठी कशाला अडून बसता?"

"त्या शब्दावर हा माणूस आत जाईल. नाही बदलणार. हवी तर वर तक्रार करा."

"मी कधीचा सांगतोय, ताई," कारागीर म्हणाला. "कुणी ऐकेल तर शपथ."

मेहुणा हसला. "सरळ रेघ दिसतेय की. कापलंय हे शेंबडं पोरही सांगेल."

"तुमच्या बोटाला काय झालं?"

"भाऊजींना गाडीत घालताना दारात चेमटलं. किरकोळ आहे."

"किरकोळ आहे, मग दाखवायला काय जातंय?"

फौजदारांनी मान हलवली. नाइलाजाने रुमाल सुटला. बोट धुऊन तिने ते दिव्याखाली धरलं.

"साहेब, आधी डोकं पाहा. टाळूवर कातडीखाली लगेच हाड असतं. बोथट वस्तू बसली की कातडी रेघेसारखी फुटते, वरून कापल्यासारखी दिसते. पण आत मांसाचे धागे या काठापासून त्या काठापर्यंत शाबूत आहेत. काचेने ते तुटले असते. हे लॅसरेशन. आता बोट. दारात चेमटलं असतं तर ठेचून काळंनिळं पडलं असतं. इथे काठ स्वच्छ, आत एकही धागा शाबूत नाही. ही इन्साइज्ड जखम. धारेची."

"म्हणजे काच..."

"यांच्या हातात होती. मारलं बोथट वस्तूने, मग आळ कारागिरावर यावा म्हणून तुकडा रक्तात माखला. काच हाताळायची सवय नाही, बोट कापून घेतलं. आणि यांनी 'डोळ्यांनी पाहिलेला' काचेचा वार तर झालाच नाही."

मेहुणा पुन्हा बोटाला रुमाल गुंडाळू लागला.

"कशाने मारलंत?" फौजदारांनी विचारलं.

"लाकडी हातोड्याने," तो पुटपुटला. "जन्म गेला माझा तिथे. आणि भाऊजी कारखाना ह्या कारागिराच्या हवाली करायला निघाले."

फौजदारांनी कारागिराच्या बेड्या काढून मेहुण्याला घातल्या. मग ते काहीतरी बोलायला वळले.

"नंतर बोला," डॉक्टरीण सुईत दोरा ओवत म्हणाली. "बाहेर व्हा सगळे. मला डोकं शिवायचंय."